बॉयलरला झडप, कानाला काय?

स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी आपण ऐकत नाही, मोजतो. तीन झाल्या की डाळ शिजली, एवढाच तिचा अर्थ. पण समजा, अशा बत्तीस शिट्ट्या ओळीने उभ्या केल्या, प्रत्येकीच्या नळीची लांबी वेगळी ठेवून तिला एकेक स्वर दिला, जवळ मोठा बॉयलर पेटवला आणि पुढ्यात पेटीसारख्या पट्ट्या बसवल्या, तर जे वाद्य तयार होईल त्याचे नाव कॅलायोपी. अमेरिकेतल्या नद्यांवरच्या आगबोटींनी आणि सर्कशीच्या मिरवणुकांनी एकोणिसाव्या शतकात हे वाद्य गाजवले. न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावरची ‘नाचेझ’ ही आगबोट आजही सहल निघण्याआधी बत्तीस शिट्ट्यांची कॅलायोपी वाजवून गिऱ्हाईक गोळा करते. विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावच्या सर्कस संग्रहालयात, इंडियानातल्या पेरू गावच्या मिरवणुकीत ती ऐकायला मिळते. शिवाय काही हौशी मंडळी आपल्या गॅरेजमध्ये पदरमोड करून नव्याने कॅलायोपी बांधतात.

आरोग्याच्या स्तंभात या वाद्याचे काय काम, असे नेहमीचे वाचक विचारतील. काम आहे. या एका यंत्रात दोन धोके शेजारी शेजारी बसले आहेत. एक दाबाचा, दुसरा आवाजाचा. पहिल्या धोक्यासाठी माणसाने मापक, झडप, तपासनीस आणि कायदा असा सगळा सरंजाम उभा केला. दुसऱ्याकडे मात्र, निदान वाद्याच्या बाबतीत, कानात कापूस घालण्यापलीकडे फारसे लक्ष दिले नाही. असे का झाले, हे समजून घ्यायला आधी हे यंत्र उघडून पाहावे लागेल.

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या जोशुआ स्टॉडर्ड या गृहस्थाने ९ ऑक्टोबर १८५५ रोजी या वाद्याचे पेटंट घेतले. हा माणूस मुळात मधमाश्या पाळणारा, त्यातच यंत्रांचा नाद. चर्चच्या घंटांच्या जागी वाफेवरचे हे वाद्य बसवावे, म्हणजे भाविकांना घरबसल्या भजनाची चाल ऐकू येईल, असा त्याचा बेत होता. कॅलायोपी हे नाव ग्रीक पुराणातल्या महाकाव्याच्या देवतेचे. त्याचा अर्थ मधुर आवाजाची. वूस्टरच्या नगरपालिकेने हा मधुर आवाज गावाच्या हद्दीबाहेर ठेवायला सांगितला, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, चर्चने ते वाद्य घेतले नाही. घेतले ते बोटवाल्यांनी आणि सर्कसवाल्यांनी. सर्कशीतली माणसे त्या देवतेच्या नावाचाही ‘कॅलिओप’ असा अपभ्रंश करत. ज्यांना मैलभर आधी आपण आल्याचे कळवायचे होते, त्यांना गोडव्याशी कर्तव्य नव्हते.

आता बांधणी. कॅलायोपीची एक शिट्टी म्हणजे खाली पितळेचा पेला, त्याच्या तोंडावर जवळजवळ बरोबर बसणारी चकती आणि चकतीच्या कडेने उरलेली अगदी बारीक गोल फट. या फटीतून वाफ पातळ पडद्यासारखी वर उसळते आणि वर उपड्या टांगलेल्या नळीच्या काठावर आपटते. काठाच्या आत-बाहेर ती झुलू लागते, नळीतला वायू त्या झुल्याशी ताल धरतो आणि स्वर निघतो. नळी वरून बंद असते. अशा नळीत ध्वनिलहरीचा फक्त पाव हिस्सा मावतो, त्यामुळे लांब नळीचा स्वर खर्जातला, आखूड नळीचा टिपेचा. एरवीच्या कारखानी भोंग्यांसाठी ओतीव पितळ वापरत. सिनसिनाटीच्या टॉमस निकोल यांच्या कंपनीने १८९० पासून १९३२ पर्यंत कॅलायोपी बनवल्या, त्यांत छपराला वापरतात तसा तांब्याचा पत्रा वळून नळ्या केल्या आणि आवाज जरा गोड झाला. आजचे बांधणारे बहुधा निकोल यांचाच धडा गिरवतात.

खरी परीक्षा स्वर लावण्यात आहे. ध्वनीचा वेग साध्या हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, शंभर अंशांच्या वाफेत तो सुमारे ४७० मीटर होतो. ४४० कंपनांचा स्वर हवा असेल तर कागदावरच्या हिशेबाने हवेसाठी साडेएकोणीस सेंटिमीटरची नळी लागते आणि वाफेसाठी जवळपास सत्तावीस सेंटिमीटरची. म्हणजे गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून षड्जात लावलेली शिट्टी वाफेवर गेली की मध्यमाच्याही वर चढू शकते. प्रत्यक्षात नळीत हवा आणि वाफ यांची भेसळ असते, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळत नाही आणि शेवटी प्रत्येक शिट्टी वाफेवरच, गरम असताना, नळी किंवा वरचे बूच खालीवर सरकवून लावावी लागते. त्यातही थंड तांब्याला वाफ लागली की तिचे पाणी होते. पहिली काही मिनिटे शिट्ट्या पाणी थुंकतात, स्वर उतरलेले राहतात, मग हळूहळू चढतात. बॉयलरचा दाब वरखाली झाला की पुन्हा फरक. कॅलायोपी कायम थोडी बेसूर वाजते आणि तिचे चाहते त्यातच खूश असतात. आपल्याकडे बॅंडवाल्याच्या क्लॅरिनेटबद्दल जी माया असते, तीच.

पट्टीखाली एक तार किंवा दांडा, त्याला जोडलेली झडप. झडप बंद ठेवण्याचे काम वाफेचा दाबच करतो. समजा झडपेचे तोंड दोन चौरस सेंटिमीटरचे आहे आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला सात किलो, तर ती उघडायला चौदा किलोंचे बळ हवे. तरफ लावून ते कमी करतात, तरी जुन्या वाद्यांवर तीन स्वर एकदम दाबणे ही तालीमच होती. पट्ट्या तापत, म्हणून वादक हातमोजे घालत असे सांगतात. हल्ली विजेवर उघडणाऱ्या झडपा मिळतात, त्यामुळे वादक शिट्ट्यांपासून चार हात लांब बसू शकतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्याच्या मुळाशी बॉयलर. आम्हा डॉक्टरांना वाफेची ओळख शस्त्रक्रियागृहाशेजारच्या ऑटोक्लेव्हमुळे असते. दर चौरस इंचाला पंधरा पौंड दाब, १२१ अंश तापमान, पंधरा मिनिटे. कात्र्या, चिमटे, कापड निर्जंतुक. घरातला कुकर साधारण याच दाबाचा. वाफ दाबाखाली ठेवणाऱ्या भांड्याला वजनाची सुरक्षा झडप प्रथम बसवली ती दनी पापँ या फ्रेंच माणसाने, सतराव्या शतकात, हाडे शिजवून मऊ करण्याच्या त्याच्या भांड्यावर. पापँने वैद्यकाची पदवी घेतली होती. पुढे तो वैद्यकीत रमला नाही, पण आमच्या धंद्यातला एक माणूस झडपेचा जनक आहे याचे मला उगाचच बरे वाटते.

कॅलायोपी बॉयलरला फार छळते. इंजिन वाफ एका गतीने खाते. कॅलायोपी कधी काहीच घेत नाही, तर कधी एका सुरावटीत भसाभस ओढते. दाब एकदम उतरतो, बॉयलरमधले पाणी फेसाळून वर येते आणि वाफेबरोबर नळांत शिरते. म्हणून चालवणाऱ्या जोडीत वादकाइतकाच भट्टीवाला महत्त्वाचा. त्याची नजर गाण्यावर नसते, काचनळीतल्या पाण्याच्या पातळीवर असते. भट्टीच्या वरचा पत्रा पाण्याखाली बुडालेला असेल तोवर तो सुरक्षित. पाणी खाली गेले की पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि फाटतो. त्या क्षणी बॉयलरमधल्या तापलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा एकदम वाफ होतो आणि पाण्याची मोकळी वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते.

ही जागा तिने अनेकदा घेतली आहे. स्टॉडर्डच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात, ब्रॉक्टन गावच्या बुटांच्या कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी बॉयलर फुटला आणि ५८ माणसे गेली. त्या धक्क्याने राज्याने बॉयलरचे नियम केले आणि पुढच्या दहा वर्षांत अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेची नियमसंहिता तयार झाली, जी आज जगभर चालते. आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कॅलायोपीच्या हौशी मंडळींसाठी जास्त बोलकी घटना २९ जुलै २००१ ची आहे. ओहायो राज्यातल्या मेडिना जत्रेच्या मैदानावर जुन्या वाफेच्या ट्रॅक्टरचा बॉयलर फुटला आणि पाच जणांचा जीव गेला. भट्टीवरचा पत्रा झिजलेला, पाणी कमी आणि सुरक्षेची साधने धड अवस्थेत नाहीत, असे तपासात निघाले. ते यंत्रही पोट भरण्यासाठी नव्हते, हौसेचेच होते. त्यानंतर ओहायोने जुन्या बॉयलरांसाठी तपासणीचा कायदा केला. म्हणून कॅलायोपी बांधायची तर शिट्ट्या स्वतः बनवाव्यात, बॉयलर मात्र परवानाधारकाकडूनच घ्यावा आणि दरवर्षी तपासून घ्यावा, यावर या क्षेत्रात दुमत नसावे.

स्फोट क्वचित होतात, भाजणे नेहमीचे. वाफेने भाजणे उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का, हे समजून घ्यावे. एक ग्रॅम उकळते पाणी त्वचेच्या तापमानापर्यंत येताना साठ-पासष्ट कॅलरी उष्णता देते. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० कॅलरी देते आणि मग वर त्या साठ. जवळपास दसपट. शिवाय खरी वाफ दिसत नाही. फटीतून निघणारी वाफ पहिले काही सेंटिमीटर पारदर्शक असते. पांढरे दिसते ते थंड होऊन झालेले पाण्याचे तुषार. लोक पांढऱ्या ढगाला घाबरतात आणि हात घालतात त्याच्या आधीच्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत. भाजल्यावर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरायचे, अंगठ्या-बांगड्या लगेच काढायच्या. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांतले काही नको. कुकरच्या वाफेने भाजलेल्यांनाही हेच लागू, आणि आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी पेशंटच्या अंगावर अजूनही पांढऱ्या पेस्टचा थर असतोच.

इथवरची गोष्ट समाधानाची आहे. दाबाला माणूस घाबरला, शिकला, त्याने कायदे केले. आता कानाकडे वळू.

कॅलायोपीला हळू वाजवता येत नाही. तबलजी बोटांचा जोर कमी करतो, पेटीवाला भाता सांभाळतो. इथे झडप एकतर उघडी किंवा बंद. पट्टी कशीही दाबा, शिट्टी तिच्या पूर्ण ताकदीनेच ओरडणार. आर्थर डेनी नावाच्या गृहस्थाने वाजवताना वाफेचा दाब कमीजास्त करता येईल अशी सुधारित कॅलायोपी काढली आणि १८५९ मध्ये ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नेली. ती काही खपली नाही. मग आवाज कमी करायला उरला एकच उपाय: लांब उभे राहणे.

लांबीचे गणित सोपे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, दहापट झाले की वीसने. समजा एखाद्या वाद्याचा आवाज एक मीटरवर १२० डेसिबल आहे. दहा मीटरवर तो १००, शंभर मीटरवर ८०, किलोमीटरवर ६० राहील. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येते आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटे. आमच्या मानलेल्या वाद्यापासून दहा मीटरवर उभ्या असलेल्या मुलाची दिवसभराची शिधा पाव तासात संपली. किलोमीटरभर दूर नदीकाठी बसलेल्या माणसाला तेच गाणे रम्य वाटते. आणि वादक? त्याच्यासाठी हे गणित मिनिटांत नाही, सेकंदांत करावे लागते. शिट्ट्यांसमोरची त्याची जागा ठरलेली, उठून लांब जाण्याची सोय नाही. अंतर हाच ज्याचा उपाय, त्या वाद्यात वादकाचे अंतर शून्य.

शरीराने कानाला एक छोटी झडप दिली आहे, हे खरे. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि रिकिबीच्या आकाराचे हाड ताणून आत जाणारा आवाज थोडा कमी करतो. पण हा स्नायू हलायला सेकंदाचा काही भाग घेतो, सतत आवाज राहिला तर थकतो आणि त्याचा उपयोग मुख्यतः खर्जातल्या आवाजांना होतो. कॅलायोपीची शिट्टी एका झटक्यात पूर्ण आवाजात सुरू होते आणि तिची बरीच वस्ती वरच्या स्वरांत असते. ही झडप तिच्यासाठी घडवलेली नाही.

त्यापलीकडे आतल्या कानातल्या शंखात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आपल्यात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नुकसान साधारणपणे तीन ते सहा हजार कंपनांच्या पट्ट्यात आधी होते. हा पट्टा स, श, फ, थ अशा व्यंजनांच्या स्पष्टपणाचा. म्हणून अशा माणसाला ऐकू येते, पण कळत नाही. ‘तुम्ही पुटपुटता’ अशी त्याची तक्रार असते. घरचे म्हणतात, मुद्दाम करतो. हे वर्षानुवर्षे चालते आणि मग कधीतरी ऑडिओमेट्रीच्या कागदावर चार हजारांपाशी खड्डा दिसतो.

कार्यक्रमानंतर कान बधिर होतात, शूं आवाज येतो आणि सकाळपर्यंत सगळे ठीक होते, म्हणजे काही बिघडले नाही, असा समज पक्का आहे. २००९ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले कितीतरी सांधे कायमचे तुटलेले होते. माणसात हे नेमके किती घडते यावर अजून वाद आहे. मी तरी सकाळच्या बरे वाटण्यावर फार विश्वास ठेवायला सांगणार नाही.

यातली एक गोष्ट मला फार बोचते. कॅलायोपीचा पहिला स्वर निघण्याआधीच तिने कोणाचे तरी कान खाल्लेले असत. लोखंडी पत्रे रिव्हेटने जोडून बॉयलर बनवत, तेव्हा एक कामगार बाहेरून हातोडा मारी आणि दुसरा त्या लोखंडी ढोलाच्या आत बसून रिव्हेट धरून ठेवी. ग्लासगोचे कानाचे डॉक्टर टॉमस बार यांनी १८८६ मध्ये शंभर बॉयलर-कामगार, शंभर लोखंड ओतणारे आणि शंभर टपालवाटे तपासले. बॉयलर-कामगारांत एकाचेही कान शाबूत निघाले नाहीत. त्याच्याही आधी इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवले: दिवसभर तांबे ठोकून ही माणसे म्हातारपणी पार बहिरी होतात. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना हे सांगायला रामाझ्झिनी लागत नाही. बॉयलर फुटला की बातमी होते, बंदोबस्त होतो. बॉयलर बनवताना बहिरे झालेल्यांसाठी मात्र ‘बॉयलरवाल्यांचा बहिरेपणा’ एवढे एक नाव पडले आणि कित्येक दशके तेवढ्यावरच भागले.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण कॅलायोपीच्या इतिहासात आमच्या धंद्याशी भिडलेला एक भामटाही आहे. आयोवा राज्यातल्या मस्कटीनच्या नॉर्मन बेकरने १९१४ च्या सुमारास वाफेऐवजी पंख्याच्या हवेवर वाजणारी कॅलायोपी काढली. बॉयलर नको, भट्टीवाला नको, आवाजही बराच सौम्य. शोध खरोखर चांगला होता आणि त्यावर त्याने पैसा केला. त्या पैशातून १९२५ मध्ये रेडिओ केंद्र काढले आणि त्यावरून ॲल्युमिनियमच्या भांड्यांनी कर्करोग होतो, लसी घातक आहेत, आणि शस्त्रक्रियेशिवाय कर्करोग बरा करण्याचे औषध आपल्याकडे आहे, असे सांगायला सुरुवात केली. शिक्षण वैद्यकाचे नव्हतेच. आधी तो रंगमंचावर मनातले ओळखण्याचे खेळ करी. त्याने रुग्णालय काढले, अमेरिकी वैद्यक संघटनेवर बदनामीचा खटला भरला, हरला, मेक्सिकोच्या हद्दीतून रेडिओ चालवला, मग आर्कान्सामध्ये एका जुन्या हॉटेलात पुन्हा रुग्णालय थाटले. १९४० मध्ये टपालातून फसवणूक केल्याबद्दल त्याला चार वर्षांची कैद झाली. तोवर किती पेशंटांची उपचाराची वेळ निघून गेली असेल, हे मोजणार कोण? ॲल्युमिनियमचा कुकर आणि कर्करोग हा त्याचा शंभर वर्षांपूर्वीचा दावा आजही मोबाइलवर फिरत माझ्यापर्यंत येतो, तेव्हा वाटते की त्याच्या वाद्यापेक्षा त्याचा हा आवाज लांब पोचला.

असो. हवेची कॅलायोपी सौम्य असली तरी ज्यांना वाफेची हवी त्यांना तीच हवी असते, आणि ती बांधूच नका असे मी म्हणणार नाही. शाळकरी मुलाला पदार्थविज्ञान समजावून सांगायला याहून चांगले यंत्र विरळा. माझे म्हणणे इतकेच की बॉयलरला जे देता ते कानालाही द्या. बॉयलरला दाबमापक आहे, तसा वादकाच्या जागी आणि प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत आवाजमापक ठेवा आणि आकडे वहीत लिहा. बॉयलरची दरवर्षी तपासणी होते, तशीच वादकाची आणि भट्टीवाल्याची ऑडिओमेट्री व्हावी. पहिली तपासणी वाद्य हाती घेण्याआधी, म्हणजे पुढे तुलना करता येते. विजेच्या झडपा असतील तर पट्ट्या शिट्ट्यांपासून जमेल तितक्या दूर न्या. सलग वाजवण्याची वेळ ठरवा. सुरक्षा झडपेला जसा एक ठरलेला आकडा असतो, ज्याच्यावर कोणाचीही विनंती चालत नाही, तसा प्रेक्षकांच्या दोरीचा आकडा ठरवा. दोरी कुठे बांधायची ते आवाजमापकाने सांगावे, फोटो काढणाऱ्यांनी नव्हे.

कायद्याचे म्हणाल तर आपल्याकडे कारखान्यातला आवाजाचा बहिरेपणा कायद्यात कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला आहे. वाद्यापाशी बसणाऱ्याला असे काही कवच नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात, रुग्णालयाभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्रही सांगतात. पण ते शेजारच्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून आहेत. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणारा पोरगा, ढोल कमरेला बांधून तासन्‌तास वाजवणारी मुलगी, जनरेटरच्या गाडीवर बसलेला ऑपरेटर, यांचे काय? कॅलायोपीच्या वादकाप्रमाणे यांचेही अंतर शून्यच आहे. सण संपला की कानात शूं आवाज घेऊन काही जण आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात, पण आठवड्याने, दहा दिवसांनी. आवाजानंतर कान दडलेला किंवा वाजत राहिला आणि दिवसभरात तो मोकळा झाला नाही, तर दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. काही करता येण्याजोगे असेल तर ते पहिल्या काही दिवसांतच.

कापसाबद्दल. जुने वादक कानात कापूस घालत म्हणतात, आपल्याकडेही तेच चालते. कापसाने समाधान मिळते, संरक्षण फारसे नाही. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. स्वतःचा आवाज घागरीतून आल्यासारखा वाटला की बरोबर बसला. शिट्ट्यांपाशी बसणाऱ्याने त्यावर कान झाकणारे मफही चढवावेत. लहान मुलांना बोळे नीट बसत नाहीत, त्यांना मफच द्यावेत.

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणारे आपल्यातले अनेक आजी-आजोबा न्यू ऑर्लिन्सला जातात. गेलात तर ‘नाचेझ’ची कॅलायोपी जरूर ऐका, पण बोटीच्या वरच्या डेकवर शिट्ट्यांसमोर उभे राहून व्हिडिओ काढू नका. श्रवणयंत्र लावत असाल तर त्याचा आवाज आधी कमी करा. धक्क्यापासून चालत मागे जॅक्सन स्क्वेअरच्या बाकावर जाऊन बसा. तिथे ती शब्द न बुडवता ऐकू येते, आणि शेजारी बसलेल्या नातवाशी बोलताही येते.